गावाच्या आरोग्यकामात तोंडाला जागा कशी द्यायची: मराठवाड्यातल्या उपकेंद्रांसाठी आणि शाळांसाठी

दात किडणं, हिरड्या सुजणं, तोंडाचा कर्करोग, पडलेले दात हे सगळं मिळून जगातल्या जवळजवळ ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटलं आहे. म्हणजे जवळजवळ निम्मं जग. त्यातले चारपैकी तीन जण आपल्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. तरीही तोंड हा विषय कित्येक वर्षं आरोग्याच्या यादीत शेवटी राहिला. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं मौखिक आरोग्याचा ठराव केला, २०२२ मध्ये धोरण आलं, २०२३ मध्ये २०३० पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. त्यात दोन मोठी उद्दिष्टं आहेत: जगातल्या ८० टक्के लोकांना तोंडाच्या मूलभूत उपचारांचा हक्क मिळावा, आणि मुख्य आजारांचं प्रमाण १० टक्क्यांनी खाली यावं.

या ठरावांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. तंबाखू, साखर आणि दारू ही तोंडाच्या आजारांची मोठी कारणं आहेत, आणि मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्या मुळाशीही यातलीच बरीचशी कारणं आहेत. म्हणून तोंडाचं काम वेगळं न ठेवता बाकीच्या आरोग्यकामात मिसळा. आपल्याकडे हे मिसळणं सोपं आहे, कारण चौकट आधीच उभी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या (म्हणजे सरकारी उपकेंद्राच्या किंवा आरोग्य केंद्राच्या) बारा सेवांत मौखिक आरोग्य आहे. तिशीवरच्या लोकांच्या असंसर्गजन्य आजार तपासणीत तोंडाचा कर्करोग आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत दात आहेत. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट गावात आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून चालू आहे.

तरीही बहुतेक गावांत वर्षातून एकदा मांडव टाकून दंतशिबिर होतं. पाहुणे येतात, दोनशे लोकांच्या नावापुढे ‘दात किडलेले’ असं लिहिलं जातं, पेस्टच्या छोट्या ट्यूब वाटल्या जातात, आणि पुढं काही होत नाही. असलं शिबिर घेऊ नका. त्याच मेहनतीत खालचं काम वर्षभर चालतं. ते आशाताई, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), समुदाय आरोग्य अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी वाटून घ्यायचं आहे.

आधी वर्षाचं वेळापत्रक

बीड, परभणी, जालना, धाराशिव, लातूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नोव्हेंबर ते मार्च या काळात तपासणी ठेवली, तर ज्यांचं तोंड सर्वांत आधी बघायला हवं तेच गावात नसतात. उसाच्या फडावर रात्रीबेरात्री काम चालतं, जागं राहायला तंबाखू लागतो, लहान लेकरं बिस्किटावर आणि गोड चहावर दिवस काढतात.

म्हणून तिशीवरच्यांची तपासणी जुलै ते सप्टेंबरमध्ये, टोळी निघायच्या आधी उरका. ज्यांच्या तोंडात काही सापडलं त्यांना पुढचा दवाखाना गाठायला निदान तीन आठवडे हातात राहिले पाहिजेत. दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये घ्या, ती फक्त परत आलेल्यांची आणि राहिलेल्यांची. पाण्याचा नमुना मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर. शाळेतलं ब्रशिंग जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यातच सुरू करा. ऑगस्टपर्यंत रेंगाळलं की ते होत नाही. सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत दुपारी कुणी भेटत नाही. तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी बसा.

पाणी: फ्लोराइड मोजल्याशिवाय दातांबद्दल बोलू नका

फ्लोराइड थोडं असलं तर दात किडण्यापासून वाचतात, जास्त झालं तर दात आणि पुढं हाडंही बिघडतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर आहे, पण नांदेडच्या पूर्वेला किनवट, बिलोली, देगलूर या बाजूला ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत आणि अशा खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरतं. इतर जिल्ह्यांतही खोल बोअरवर भरवसा ठेवू नका. दुष्काळात बोअर जितकी खाली जाते तितकं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, आणि विहिरीचं पाणी चांगलं म्हणून शेजारच्या बोअरचंही चांगलं असेल असं नसतं. प्रत्येक स्रोत वेगळा तपासायचा.

नमुना घेण्याची पद्धत अशी. हातपंप किंवा मोटर पाच मिनिटं चालू ठेवा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. काचेची बाटली नको, फ्लोराइड काचेशी प्रक्रिया करतं. बाटलीवर गाव, स्रोत, बोअरची खोली, तारीख लिहा. गावातल्या किटनं आधी रंग बघा, पण तो उजेडात, रंगपट्टीला लावून. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. किटमधल्या रसायनाची मुदत संपली असेल तर आकडा निरर्थक असतो, हे फार वेळा होतं. किटवर १ च्या वर दिसलं की नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवून लेखी अहवाल घ्या. ग्रामसभेत तो कागद लागतो.

मुलांच्या दातांवरूनही अंदाज येतो. दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर आडव्या खडूसारख्या पांढऱ्या रेघा, पुढं पिवळे-तपकिरी डाग, त्याहून जास्त असेल तर खड्डे. हा डाग घासून जात नाही, कारण तो दात हाडात तयार होत असतानाच आत बसलेला असतो. किडीचा डाग एकाच दातावर, खळग्यात किंवा दोन दातांच्या मध्ये असतो. मिश्रीचा (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचा) डाग हिरडीलगत आणि आतल्या बाजूला असतो आणि खरवडला की निघतो. शाळेतली दहा-बारा मुलं रांगेनं असे डाग दाखवत असतील तर दातांआधी पाण्याचा प्रश्न हाती घ्या.

पुढच्या कायमच्या दातांना धोका असतो तो साधारण आठ वर्षांपर्यंत. त्यामुळे चांगलं पाणी कमी असेल तर ते आधी अंगणवाडी, शाळेचं स्वयंपाकघर आणि लहान मुलं असलेली घरं यांना द्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. धुण्या-भांड्याला बोअरचं पाणी चालतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यानं वाढतं. तुरटीनं गाळ बसतो, पण घरच्या घरी तुरटी फिरवून फ्लोराइड निघेल असं समजू नका. त्यासाठी चुना आणि तुरटीची मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी लागते. आरओनं निघतं, पण पडदा वेळेवर बदलला नाही तर नाही, म्हणून आरओच्या नळाचं पाणीही सहा महिन्यांनी तपासा. शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ ८०० लिटर पाणी हाती येतं. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्यायच्या, मग टाकीत घ्यायचं, आणि पिण्याआधी क्लोरीन घालायचं.

तिशीवरच्यांचं तोंड बघणं

हा या कामाचा सर्वांत मोलाचा भाग. भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. एक्स-रे लागत नाही, रक्त लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन फक्त डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. बघणारे लोक दंतवैद्य नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सरकारी नियमानं तिशीनंतर दर पाच वर्षांनी तोंड बघायचं. आमचं स्पष्ट मत, तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारी घेणाऱ्याचं तोंड दरवर्षी बघा. आशाताई सीबॅक फॉर्म (तिशीवरच्यांच्या आजारांचा धोका विचारणारा) भरतातच. त्यातले तोंड उघडायला त्रास, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आणि आवाजातला बदल हे तीन प्रश्न घाईत ‘नाही’ म्हणून खूण करून टाकू नका. ‘तोंडात काही त्रास?’ असं विचारलं की माणूस नाही म्हणतो. ‘ठेचा खाल्ला की जळजळतं का? भाकरीचा मोठा घास घेता येतो का?’ असं विचारा, खरं कळतं.

शंभर माणसांसाठी लागतं ते: लाकडी पट्ट्या २२० (माणशी दोन, वर वीस जादा), हातमोजे ११० जोड्या, गॉजचे तुकडे २००, पांढऱ्या उजेडाचा एलईडी टॉर्च दोन नग आणि जादा सेल, मास्क, वापरलेलं टाकायला पिवळी पिशवी, प्यायचं पाणी आणि चूळ भरायला बादली. डोक्याला लावायचा टॉर्च मिळाला तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. लोखंडी आरसे आणायचे असतील तर दर माणसाला वेगळा आणि ऑटोक्लेव्ह केलेला (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक). नुसतं गरम पाण्यात बुडवून पुढच्याच्या तोंडात घालणं हा गुन्हा समजा. टेबल पुसायला १ टक्का क्लोरीनचं पाणी हवं. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात घातले की ते होतं. रोज नवं करा, कालच्यात दम नसतो. एका माणसाला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे दोन जण तपासायला बसले तर तीन तासांत सत्तरएक माणसं होतात. एका दिवसात दीडशेचा आग्रह धरला की जिभेच्या कडा न बघताच लोक पुढं जातात.

माणसाला उजेडाकडं तोंड करून बसवा. बायकांसाठी आडोसा आणि शक्यतो एएनएमताई. चूळ भरायला लावा, कवळी काढायला लावा, तोंडात तंबाखूचा बार असेल तर थुंकून यायला सांगा. मग विचारा, ‘बार कुठं ठेवता?’ खालच्या ओठात की उजव्या गालात, तीच जागा सर्वांत नीट बघायची.

क्रम नेहमी एकच ठेवा, म्हणजे काही सुटत नाही. आधी बाहेरून चेहरा आणि मान बघा, दोन्ही बाजूंना जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवून गाठ लागते का पाहा. मग ओठ, बाहेरून आणि उलटवून आतून. मग उजवा गाल, डावा गाल. पट्टीनं गाल बाजूला ताणून अक्कलदाढेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत टॉर्च न्या, तिथं चट्टे लपतात. मग हिरड्या वर-खाली, बाहेरून आणि आतून. मग जीभ: बाहेर काढायला लावून गॉजनं टोक धरा, हलकेच उजवीकडं आणि डावीकडं ओढून दोन्ही कडा मागपर्यंत बघा. जीभ टाळूला लावायला सांगा आणि जिभेखालची जागा बघा. शेवटी टाळू, आणि ‘आऽ’ म्हणायला लावून घसा. संशयाच्या जागेवर मोजा घातलेलं बोट फिरवा. भोवतीच्या मऊ जागेत एक जागा कडक लागली तर ती डोळ्यांना कमी दिसत असली तरी धोक्याची धरा.

शेवटी त्याचीच तीन बोटं उभी करून त्याच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील, गाल आतून पांढरट, चामड्यासारखा घट्ट लागत असेल, तर तोंड आखडण्याचा आजार आहे. तो सुपारीनं होतो, तंबाखू नसलेल्या सुपारीनंही, आणि गोड सुपारीच्या पुड्या खाणाऱ्या पोरांनाही. आखडलेलं तोंड पुन्हा पूर्ण उघडणं कठीण, पण सुपारी आज सोडली तर पुढचं थांबवता येतं.

पुढं पाठवायची लक्षणं: दोन आठवड्यांवर न भरलेली जखम, गॉजनं पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारणाशिवाय हलायला लागलेला दात, गाठ, तीन बोटांपेक्षा कमी उघडणारं तोंड, मानेवर न दुखणारी गाठ, गिळताना अडकणं. पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो, पण त्या माणसाची साखर त्याच दिवशी तपासा.

नव्या माणसाला काही गोष्टी विनाकारण घाबरवतात. गालावर दातांच्या रेषेत जाणारी पांढरी आडवी रेघ, गालातले बारीक पिवळसर दाणे, जिभेच्या अगदी मागचे मोठे गोल दाणे, टाळूच्या मध्यावरचा हाडाचा उंचवटा: हे सगळं निरोगी तोंडात असतं. पहिले वीसेक रुग्ण वैद्यकीय अधिकारी किंवा दंतवैद्य सोबत असताना बघितले की हा गोंधळ उरत नाही.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. तोंडातल्या जखमेला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि जेल देऊन ‘महिन्यानं दाखवा’ म्हणणं. दोन महिने असे गेले की लहानशा शस्त्रक्रियेचं काम अर्धा जबडा काढण्यावर जातं. दाताची टोकदार कड लागून जखम झाली असेल तर ती कड घासून घ्यायची आणि बरोबर दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. भरली नसेल तर औषध बदलत बसायचं नाही, तुकडा काढून तपासायलाच पाठवायचं.

मिश्री आणि बार

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, फक्त दात घासायचं नाव लावलेला. राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात २०१६-१७ साली महाराष्ट्रातले जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ धूर न होणारा तंबाखू वापरत होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री चुलीवर घरातच भाजली जाते, त्यामुळे तिथं बंदीचा काही उपयोग नाही; तिथं आशाताईच उपयोगी पडते.

‘सोडा’ एवढंच सांगून कुणी सोडत नाही. आधी दिवसातून किती वेळा लावता हे मोजून लिहा. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी लावणारीला सवय घट्ट आहे असं धरा. अशा बाईला एक तारीख ठरवून द्या, शक्यतो पाहुणे आणि सण नसलेला आठवडा. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी असते, कारण निकोटीननं आतडी हलतात. म्हणून त्या आठवड्यात सकाळी दोन पेले कोमट पाणी, भाकरीसोबत पालेभाजी, गरज पडली तर इसबगोल. डोकं दुखणं, चिडचिड, झोप न लागणं हे पहिले तीन-चार दिवस जोरात असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर बाई समजते की मिश्री सोडल्यानं आजारी पडले. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत उतरते, तेवढा वेळ ओवा, बडीशेप किंवा भाजलेली जवस तोंडात ठेवायची. सुपारी नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी चक्कर मारा. तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ हीच आहे, तिचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

गरोदर बाईची मिश्री सुटणं सर्वांत आधी. तिच्यातलं निकोटीन बाळापर्यंत जातं आणि बाळाचं वजन कमी भरतं. मासिक ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण दिनाला तपासणीच्या रांगेत हा प्रश्न विचारायचा, सासूसमोर नाही, एकटीला बाजूला घेऊन. आणि घरातली मिश्री भाजणं बंद करायचं असेल तर बोलणं सासूशीच करावं लागतं, हे विसरून चालत नाही.

शाळेत रोज एकदा ब्रश

फिलिपिन्समधल्या सरकारी शाळांत मुलं रोज एकत्र हात धुतात, एकत्र दात घासतात आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी घेतात. आपल्याकडे फेब्रुवारी आणि ऑगस्टला जंतनाशक दिन होतोच, शालेय पोषण आहाराआधी हात धुणं होतंच. त्यात ब्रश घातला की झालं.

६० मुलांच्या जिल्हा परिषद शाळेचा हिशोब असा. मुलामागे वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम, दिवसाला १५ ग्रॅम. दोनशे दिवसांना तीन किलो, म्हणजे १५० ग्रॅमच्या वीस ट्यूब. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचे, वर्षाला २४०, वर वीस जादा. बहुतेक शाळांना हा खर्च ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या अबंधित निधीतून किंवा लोकवर्गणीतून उभा करता येतो.

पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा शोधा. भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असतं आणि ते छापावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. लाल दंतमंजनात बहुधा फ्लोराइड नसतं, गेरू असतो, आणि गेरूनं दात झिजतात. राख, मीठ, वीट यांचंही तेच. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी नीट चावून वापरली तर मळ निघतो, पण फ्लोराइड मिळत नाही. पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या गावात सहा वर्षांखालच्या मुलांना पेस्ट द्यायची का आणि किती, हे दंतवैद्यानं ठरवू द्या.

खिचडी झाल्यावर मुलांना ओट्यावर किंवा नालीच्या कडेनं बसवा. ट्यूब सगळ्यांच्या ब्रशला लावायची नाही, एकाचं दुसऱ्याला जातं. स्वच्छ ताटाच्या कडेनं पेस्टचे ठिपके ठेवा, मूल आपल्या ब्रशनं एक उचलेल. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढं, त्यावर वाटाण्याएवढं. दोन मिनिटं, शिक्षक मोजत राहतील: बाहेरून, आतून, चावायची बाजू, शेवटी जीभ. मग फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. चूळ भरली की दातांवरचं फ्लोराइड धुऊन जातं. मराठवाड्यात एप्रिल महिन्यात टँकर बघणाऱ्या गावाला याचा आणखी एक फायदा कळतो: मुलामागे ब्रश खळबळायला अर्धा ग्लास, साठ मुलांना सहा-सात लिटर पाण्यात काम होतं.

ब्रशवर नाव, ब्रश उभे, तोंड वर, एकमेकांना न लागता, वर जाळी. टोपण घालून डब्यात कोंडले की ओले राहतात आणि बुरशी येते. कुणाच्या तोंडात फोड असतील किंवा ताप असेल तर त्याचा ब्रश बाजूला ठेवा आणि बरं झाल्यावर नवा द्या.

पहिली-दुसरीच्या मुलांची एक गोष्ट शिक्षकांनी स्वतः बघावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेमागे एक मोठी दाढ येते. ती कायमची असते. कुठलाही दात न पडता ती येते म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणतात. तिच्या खळग्यात काळा ठिपका दिसला तर मुलाचं नाव बाल स्वास्थ्य पथकाच्या यादीत घाला. दुधाच्या दातांतली कीड थांबवायला दंतवैद्य एक चांदीयुक्त फ्लोराइडचं द्रव लावतात. दुखत नाही, ड्रिल लागत नाही, पण किडलेली जागा काळी पडते. पालकांना हे आधी सांगितलं नाही तर ते दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

घरी सांगण्यासारखं थोडकं: रात्री दुधात साखर घालून बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, एक वर्षाखाली मध चाटवायचा नाही, आणि अंगणवाडीत वाढदिवसाला चॉकलेटऐवजी शेंगदाणे-फुटाणे. साखर किती खाल्ली याइतकंच दिवसातून किती वेळा खाल्ली हेही दातांना लागतं. जेवणासोबत एकदा गोड खाल्लेलं बरं, दिवसभर चघळत राहिलेली गोळी वाईट.

दाढ दुखत असेल तर

गाव पहिल्या दिवशी काय करतं: तंबाखूची चिमूट, लवंगेचं तेल थेट, कधी गोळी चुरून गालात. तंबाखू आणि चुरलेली गोळी दोन्हींनी गाल भाजतो. त्याऐवजी कोमट मीठ-पाण्यानं गुळण्या, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे पोटात, आणि दंतवैद्य. दाढेत किडा नसतो, त्यामुळे धुरी देऊन किडे पाडून दाखवणाऱ्याकडं जाण्यात दिवस गमावू नका. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती घराघरात आहे. दाताची शीर आणि डोळ्याची शीर वेगळी आहे, हे शांतपणे समजावून सांगा. अँटिबायोटिकचे चार दिवस संपले की दुखणं थांबतं आणि दाढ तशीच सडत राहते, हा रस्ता बहुतेकांनी घेतलेला असतो.

गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी १०८ ला फोन.

चिठ्ठीनंतरचं काम

पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली म्हणजे माणूस पोचला असं होत नाही. बहुतेक काम इथंच वाया जातं. कारणं नेहमीची आहेत: मजुरी बुडते, कुठं जायचं कळत नाही, कॅन्सर म्हणतील ही भीती, आणि सोबत कोणी नाही.

म्हणून चिठ्ठीवर फक्त ‘पुढील उपचारासाठी’ असं लिहू नका. चट्टा कुठं, किती सेंटिमीटर, किती दिवसांपासून, तंबाखू कुठला, आणि कोणत्या दिवशी कोणत्या ओपीडीत जायचं हे लिहा. माणसाची परवानगी घेऊन चट्ट्याचा फोटो काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवता आला तर बराच वेळ वाचतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय दोन्ही आहेत. लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही पुढची तपासणी होऊ शकते. रेशन कार्ड आणि आधार सोबत द्या, कर्करोगाचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, हे मिश्रीवाल्या बाईला सांगितलं की निघणं सोपं जातं. काय असू शकतं हे विचारलं तर खोटं बोलू नका. ‘ही जागा बरी होण्यासारखी आहे की नाही हे तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर गेलं तर उपाय सोपा असतो’ एवढं खरं आहे आणि तेवढं पुरतं.

वहीत चार रकाने पुरे: नाव, पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख, काय निघालं. दर पंधरा दिवसांनी तिसरा रकाना रिकामा असलेल्यांच्या घरी जा. आशाताईंचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक महिन्याला ही वही बघतील तेव्हा ‘किती तपासले’ हा आकडा न विचारता ‘किती पोचले’ हा विचारावा.

टोळीसोबत जाणाऱ्यांसाठी एक जादा ओळ ठेवा: मुकादमाचं नाव, त्याचा फोन, कारखान्याचं गाव आणि तिथलं जवळचं ग्रामीण रुग्णालय. चिठ्ठीच्या दोन प्रती करा, एक कोयत्याच्या (ऊस तोडणाऱ्या जोडीच्या) नवरा-बायकोपैकी जो आजारी नाही त्याच्या हाती द्या, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या फोनवर विचारा की तुकडा तपासायला दिला का.